जोड लावणारे तात्या

पुण्याच्या पेठांतली तालीम चिंचेची असो नाहीतर गोकुळ वस्तादांची, हौद्याच्या कडेला एक तात्या बसलेले असतातच. पांढरा लेंगा, मोडलेले कान आणि कानाला मोबाईल. स्वतः तात्या महाराष्ट्र केसरी झाले नाहीत. एकदा अगदी गदेपर्यंत पोहोचले होते, पण त्या साली पंच फितूर निघाला. (साल कोणतं, ते ऐकणाऱ्याच्या वयावर ठरतं.) आता त्यांच्याकडे एकच खातं आहे. गदेच्या तयारीतल्या पोराला जोड शोधायची.

वधूवर सूचक मंडळ चालवणं त्यापेक्षा सोपं. तिथे जुळलं की संपलं. इथे जुळायलाही हवं आणि वर आपलंच पोरगं राहायला हवं. गदेच्या गटात ८६ पासून १२५ किलोपर्यंत कोणीही समोर येतो. म्हणून तात्या आधी सव्वाशे किलोचा, नुसता रेलणारा गडी आणतात. त्याला डाव एकही येत नाही, पण तो मानेवर रेलला की पोराला आजी आठवते. मग सत्तर किलोचा, पापणी लवायच्या आत पट काढणारा. मग एखादा डावखुरा. आणि पोराच्या छातीचा भाता झाला की खरी क्रूर चाल: इतका वेळ कडेला बदाम चावत बसलेला ताजा गडी हौद्यात सोडायचा.

चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की तात्यांची मुत्सद्देगिरी रंगात येते. समोरचा फार हलका घेतला तर फड ‘नूरा कुस्ती!’ म्हणून ओरडतो. फार जड घेतला तर पोरगं आभाळ बघतं. थोडक्यात, पडणारा हवा, पण नाव असलेला हवा. त्यासाठी रेवड्यांच्या कुस्त्या चालू असतानाच तात्या यात्रा कमिटीला गाठतात.

“गड्याचं वजन किती?”

“नव्वद असंल.”

“जेवणाआधी की जेवणानंतर?”

एवढं करूनही तात्यांना एका गोष्टीची धास्ती असते. रोज ज्याच्याशी लढत करायची, त्याला आपला घिस्सा कुठून येतो ते आपल्या आईपेक्षा जास्त ठाऊक होतं. लॅरी होम्स हा मुहंमद अलीचा सरावातला जोडीदार. १९८० साली लास वेगासला त्यानेच अलीला हरवलं. तात्यांना मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत गदेसाठी समोरासमोर आले ते हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्याच तालमीतले! दोघांना एकमेकांचं सगळं पाठ, त्यामुळे निकाल लागला तो ३-२ असा काट्यावर. जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर घेऊन मिरवलं. सगळं स्टेडियम गहिवरलं. तात्या तेवढे म्हणाले, “बघा, पोटरीत अजून दम आहे. उद्या सकाळी मोकळा असेल का हा?”

सध्या त्यांना कोल्हापूरचा एक धिप्पाड गडी दोन महिन्यांसाठी हवा आहे. बोलणी तुपावर अडली आहेत. तो म्हणतो रोज पाव किलो, तात्या म्हणतात, “अरे, तुला पडायला बोलावलंय!”