सिस्टीमवाले सर

मराठवाड्यात मास्तर रिटायर झाला की शेत बघतो, नाहीतर नातवंडांच्या नीटच्या क्लासची फी बघतो. तिसरा एक प्रकार आहे, तो कॉम्प्युटर सांभाळतो. वापरत नाही, सांभाळतो. नांदेडला तरोडा नाक्याकडं, लातूरला औसा रोडच्या गल्ल्यांत असा एक तरी सर सापडतोच. वेतनवाढ अडकू नये म्हणून कधीकाळी एमएस-सीआयटी केलेली असते. परीक्षा संपली, धाक राहिला.

सरांच्या खोलीत पूर्वी देवघर होतं. उदबत्तीचा धूर फॅनमध्ये जातो म्हणून देव स्वयंपाकघरात गेले. काकूंनी हे अजून माफ केलेलं नाही. टेबलामागं बघाल तर गंजगोलाईला सोळा रस्ते मिळावेत तशा सगळ्या वायरी एका स्पाईकबस्टरला येऊन मिळालेल्या. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाही मॉनिटर पुसायच्या फडक्यासाठी अर्धा तांब्या वेगळा निघायचा.

खोळ निघाली, मशीन सुरू झालं की सर आधी धडाधड रिफ्रेश मारतात. नातीनं समजावून पाहिलं, “आबा, त्यानं पडद्यावरची चित्रं फक्त पुन्हा काढली जातात, वेग नाही वाढत.”

“हौ, पण त्याला बरं वाटायलंय की.”

डीफ्रॅग हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम. जुन्या हार्ड डिस्कवर फायलींचे विखुरलेले तुकडे जवळ आणले की फरक पडायचा, म्हणून तेव्हा ते योग्यच होतं. पुढं नातीनं एसएसडी बसवून दिली. तिच्यात फिरणारी तबकडीच नाही. डीफ्रॅगनं फायदा नाहीच, उगाच लिहिण्या-पुसण्यानं ती झिजते. मशीन झपाट्यानं सुरू व्हायला लागलं आणि सरांचा रविवार सुना झाला.

त्यांना हसावं, तर मध्येच ते खरं काहीतरी करून दाखवतात. एकदा मशीन नुसतं बीप बीप करायला लागलं. सरांनी रॅम काढली आणि तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या हातानं घासल्या. मशीन सुरू. नोकरीभर पोरांचे जप्त केलेले खोडरबर असे कामाला आले. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की ते कॅबिनेट अंगणात नेतात, तोंडाला रुमाल बांधतात आणि ब्लोअर मारतात. फॅनच्या पात्यांत पेन्सिल अडकवायला विसरत नाहीत, कारण वाऱ्यानं फॅन बेफाम फिरला तर बिघडू शकतो. धुळीनं गरम हवा कोंडली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ‘सिस्टीम स्लो झाली’ म्हणून दुकान गाठणाऱ्या कितीतरी जणांना एवढंच औषध पुरेल.

मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सीआर 2032 सेल संपला तेव्हा मात्र घोटाळा झाला. लाईट गेली की तारीख कित्येक वर्षं मागं जायची आणि बँकेची साईट उघडेना. कॉम्प्युटरच्या हिशेबानं सर अजून नोकरीत होते. नवा सेल बसवायचं त्यांनी आठवडाभर लांबवलं.

बॅकअपच्या बाबतीत सरांना तोड नाही. नातीच्या बारशाचे फोटो दोन डिस्कवर. एक घरात, एक गावाकडं धाकट्या भावाच्या कपाटात. पण शेजारचा कुणी प्रिंट काढायला पेनड्राईव्ह घेऊन आला, की सर दारातच विचारतात, “बाहेरचा हाय का? ऱ्हाऊ द्या मग.” खुद्द नातीनं नीटचं प्रवेशपत्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलं.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सरांना हे काकूंनी बातम्यांत ऐकून सांगितलं, जरा जास्तच आनंदानं. तुमच्याकडं तेच असेल तर आज सेटिंगमध्ये अपडेटचं पान उघडून बघा. अडलं तर सरांकडं जा, ते जीव लावून सांगतील. फक्त पेनड्राईव्ह घरी ठेवून जा.