परीक्षा पुढच्या महिन्यात

आमच्या इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. तुमच्या इमारतीत कितव्या मजल्यावर राहतो ते तुम्ही शोधा; राहतो एवढं नक्की. ओळखायची खूण सोपी आहे. बाकीच्यांच्या खिडकीत दिवाळीपुरती माळ लागते, याच्या खिडकीत बारा महिने हिरवे-केशरी दिवे लुकलुकत असतात. तो भंगारवाल्याकडून किलोच्या भावात आणलेला चोवीस पोर्टांचा स्विच. त्याच्या पंख्याच्या घरघरीमुळे नवीन पाहुण्यांना आत पिठाची गिरणी आहे असं वाटतं.

वय पंचेचाळीसच्या पुढे. नोकरी एका खाजगी कंपनीच्या स्टोअर्स खात्यात. मुख्य व्यवसाय परीक्षेची तयारी. कुठली परीक्षा, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण ती बदलत असते. कधी, हे विचारण्यातही अर्थ नाही, कारण ते कधीच बदलत नाही. पुढच्या महिन्यात.

या व्रताला आरंभ झाला वायटूकेच्या हंगामात. मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई हे प्रमाणपत्र मिळवलं की थेट विमानातच बसवतात, अशी तेव्हा डोंबिवलीत समजूत होती. स्टेशनजवळच्या जिन्याजिन्यात क्लासची पाटी आणि पाटीवर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. विंडोज एनटीचे सहा पेपर असत. याने सहाही पेपरांची जाडजूड पुस्तकं घेतली, त्यांना कव्हरं घातली, आणि अभ्यासाला बसण्यापूर्वी एक रास्त शंका काढली: एनटी चालवून पाहिल्याशिवाय एनटी कळणार कशी? मग यंत्र जुळवणं आलं. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल ओलांडून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. मदरबोर्ड एका दुकानातून, एसएमपीएस दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्या. ते कॅबिनेट संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये डोक्यावर धरून आणलं. यंत्र उभं राहिलं, एनटी चढली, फक्त साउंड कार्डाचा ड्रायव्हर मिळेना. परीक्षेत साउंड कार्डाला काही काम नव्हतं, पण अर्धवट यंत्रावर अभ्यास करायचा हे मनाला पटेना. ड्रायव्हर मिळेपर्यंत विंडोज २००० आलं आणि एनटीच्या परीक्षा बंद झाल्या. नवे पेपर सात.

पुढचं सगळं याच चालीवर. विंडोज सर्व्हर २००३ची तयारी होत आली तेव्हा २००८ आलं आणि प्रमाणपत्राचं नावच बदललं. २०१२मध्ये तीच चार अक्षरं परत आली, पण अर्थ निराळा आणि अभ्यासक्रमही निराळा. शेवटी मायक्रोसॉफ्टने जाहीर करून टाकलं की ३० जून २०२० नंतर एमसीएसई हा प्रकारच नाही. तेवढ्यात करोना आला आणि मुदत ३१ जानेवारी २०२१पर्यंत वाढली. सगळं जग दाराला कडी लावून बसलेलं असताना ही मुदतवाढ खास आपल्यासाठी आहे असं समजणारा हा एकटाच. ते सात महिने त्याने सर्व्हरला रॅम वाढवण्यात घालवले.

आळशी म्हणाल तर चुकाल. पहाटे पाचला उठून वाचणारा माणूस आहे हा. अडचण एवढीच की पुस्तकात जे लिहिलं असेल ते उघडून पाहिल्याशिवाय याला पान उलटवत नाही. हार्डवेअरच्या ‘ए प्लस’ परीक्षेच्या अभ्यासात लेझर प्रिंटर कागद कसा छापतो त्याच्या सात पायऱ्या आहेत. माणसं त्या पाठ करतात. याने प्रिंटर आणला आणि उघडला. टोनरची काळी पूड किती बारीक असते आणि पंखा चालू असताना ती कुठवर पोचते, हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळलं. सातवी पायरी ‘क्लीनिंग’ची आहे. ती बायकोने केली, दोन दिवस.

विद्या मात्र याच्या हातात आहे. यंत्र सुरू होईना आणि नुसतंच पीं-पीं करत बसलं की तो रॅमची पट्टी काढतो, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासतो, फुंकर मारतो आणि परत खोचतो. दहापैकी सात वेळा यंत्र उठतं. अंगठ्याने रॅम धरल्यावर अंगातली स्थिर वीज तिला मारक ठरते, म्हणून मनगटाला तार बांधून ती कॅबिनेटच्या पत्र्याला जोडावी, असं पुस्तक सांगतं. तोही तार बांधतो. मग फोन वाजतो आणि तो उठून चालू लागतो. मागोमाग कॅबिनेट येतं. खोडरबर अर्थातच मुलीच्या कंपासमधलं. चित्रकलेच्या तासाला त्या पोरीकडे कधी खोडरबर नसतं, म्हणून तिचा हात मात्र फार सफाईदार झाला आहे.

नेटवर्किंगच्या सीसीएनए परीक्षेकडे तो वळला तेव्हा घराला जाळ्याचे दिवस आले. नेटवर्कचे सात थर खालून वर क्रमाने आठवावे लागतात. इंग्रजी पुस्तकात त्यासाठी सॉसेज पिझ्झा फेकू नका अशा अर्थाचं एक वाक्य असतं. ते घरात मोठ्याने घोकता येण्यासारखं नव्हतं. आई शेजारच्याच खोलीत जप करत असते. म्हणून याने स्वतःचं रचलं: ‘फडके डेपोत, नेने ट्रेनमध्ये, सेनगुप्ता प्रेमात अडकले.’ फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. चोख बसतं. आईने जपमाळ न थांबवता विचारलं, “फडके रोड सोडून डेपोत कशाला गेले रे?”

केबलच्या आठ तारांचा क्रम तर आता त्या घरात सगळ्यांच्याच तोंडी आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. खंडेनवमीला क्रिंपिंगच्या पकडीला झेंडूचं फूल वाहिलं जातं. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात. ती काढून झाली की तो कडेला दोन-चार शून्यं मांडतो. नुसत्या एकांवर यंत्र चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

पण खरी कमाल केली ती त्याने घरात ‘डोमेन’ उभारून. ज्या व्यवस्थेवर बँका आणि कारखाने चालतात, ती साडेपाचशे चौरस फुटांत आणली. घरातले तिन्ही लॅपटॉप त्या राज्यात सामील झाले, आणि राज्य म्हटलं की नियम आले. दर ४२ दिवसांनी पासवर्ड बदलायचा. किमान सात अक्षरं. मोठं अक्षर, छोटं अक्षर, आकडा, चिन्ह यांतले तीन प्रकार तरी हवेत. मागचे २४ पासवर्ड परत चालणार नाहीत. त्याचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दिवसातून दोनदा पेपर वाचणे आणि एकदा पत्त्यांचा डाव लावणे एवढंच त्यांचं संगणकाशी नातं. “अरे, हे बदलता नाही का येत?” त्यांनी विचारलं. “येतं की, एका क्लिकने,” तो म्हणाला, “पण बाबा, परीक्षेत मूळ सेटिंग विचारतात.”

बाबा कायद्याने वागणारे. त्यांनी वही केली. पहिले दहा पासवर्ड दशावतारांचे, पुढचे आठ अष्टविनायकांचे. चोवीस भरायला सहा कमी पडले, तेव्हा षड्रिपू घेतले. नाव अपुरं पडलं की पुढे जन्मसाल. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांचा क्रोध चालू होता. सर्व्हर मात्र १८० दिवसांच्या फुकट आवृत्तीवर, मुदत वाढवून वाढवून चालवलेला. ती मुदत संपली की तो सर्व्हर दर तासाला आपणहून बंद पडतो, आणि त्या काळात घरात एक विलक्षण शांतता नांदते.

याच बाबांची एक गोष्ट सांगायलाच हवी. वेतनवाढ अडू नये म्हणून त्यांनी नोकरीत असताना एमएस-सीआयटी केली होती. गल्लीतल्या केंद्रात, पहिल्या फटक्यात. ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलेलं आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षं संगणकाची परीक्षा ज्या घरात घोळते आहे, त्या घरातलं संगणकाचं ते एकुलतं एक प्रमाणपत्र. बाबा त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. फक्त कोणी आलं की त्याच्याखालच्या खुर्चीत बसतात.

मग त्याने घराचे विभाग पाडले. आई-बाबा एका व्हीलॅनमध्ये, पाहुणे दुसऱ्या, टीव्ही तिसऱ्या. प्रिंटर कुठल्या विभागात राहिला ते अजून सापडलेलं नाही. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि मोबाइल कंपनीच्या डब्यातून चालणाऱ्या टीव्हीला ऐन दुपारी पत्ताच मिळेना. घर हवालदिल झालं. बायको काहीच बोलली नाही, हे अधिक वाईट होतं. रात्री टीव्ही लागला तेव्हा ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून जिंकून कप उचलला होता. त्याच्या विद्येबद्दल घरच्यांनी मनापासून आभार मानल्याचा तेवढा एकच प्रसंग.

या सगळ्यात शिकलं कोण, तर त्याची आई. सत्तरी ओलांडलेली बाई, संगणकाला आजवर बोट लावलेलं नाही. पण बसता-उठता कानावर पडून पडून तयार झाली. परवा नाशिकच्या बहिणीचा फोन आला, वायफाय लागत नाही म्हणून. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “सेटिंगमध्ये जा. आयपी कितीने सुरू होतोय? एकशे एकोणसत्तरने? मग तुला डीएचसीपीच मिळत नाहीये. राउटर बंद करून चालू कर, आणि घरातल्यांना म्हणावं वायरीला पाय लावू नका.” तिकडे वायफाय लागलं. तो दारात उभा राहून ऐकत होता. त्याला अभिमान वाटला की असूया, हे चेहऱ्यावरून मला सांगता आलं नाही.

डंपवाल्यांचा मात्र त्याला मनस्वी तिटकारा. प्रश्न-उत्तरांची चोरटी फाइल पाठ करायची आणि पास व्हायचं, हा त्याच्या लेखी अधर्म आहे. ऑफिसातला एक पोरगा असाच पास होऊन पुण्याला मोठ्या पगारावर गेला, आणि तिथून याला फोन करून विचारतो, /२६ म्हणजे किती पत्ते? हा श्वासही न घेता सांगतो: चौसष्ट, वापरायला बासष्ट, मास्क २५५.२५५.२५५.१९२. आणि वर त्याचे आभार मानतो, तेवढीच उजळणी.

एकदा, फक्त एकदा, तो परीक्षेला बसला. सीसीएनए, १२० मिनिटं, फी ३०० डॉलर. घरूनच द्यायची सोय होती. खोलीचे चारी बाजूंनी फोटो पाठवायचे, टेबल रिकामं, कॅमेऱ्यातून निरीक्षकाची नजर, खोलीत दुसरं कोणी येता कामा नये. त्याने चोवीस पोर्टांचा स्विच प्रथमच बंद केला. भिंतीवरचं बाबांचं प्रमाणपत्रही उतरवलं; न जाणो, निरीक्षकाला कॉपी वाटायची. परीक्षा सुरू झाली. ओठ हलवायचे नाहीत असा नियम होता आणि हा पुटपुटला, “फडके डेपोत.” पडद्यावर ताकीद आली. त्याने ओठ मिटले. दहाव्या मिनिटाला दार उघडलं आणि आई आत आली. सकाळच्या गडबडीत हातावर दही-साखर ठेवायची राहिली होती. ती ठेवून ती निघून गेली. परीक्षा रद्द.

घर सुन्न झालं, तीनशे डॉलर गेले म्हणून. हा मात्र दही चाटून शांतपणे बाहेर आला. “नापास नाही झालो,” म्हणाला, “रद्द झाली.” आणि लगेच स्विच चालू केला. बाबांनी न बोलता हातोडी आणली आणि आपलं प्रमाणपत्र परत टांगलं.

मला विचाराल तर तो पास झाला नाही हेच बरं. ही प्रमाणपत्रं आता तीन वर्षांनी शिळी होतात. ज्यांनी २०१०पर्यंत ए प्लस केली ते जन्माचे ए प्लस राहिले. २०११पासून पुढच्यांना तीन वर्षांची मुदत आली. गंगेच्या स्नानालासुद्धा कोणी मुदत घातलेली नाही. पास झाला असता तर दर तीन वर्षांनी डॉलर मोजत बसला असता. तयारीला मुदत नसते आणि तयारी फुकट असते. म्हणजे, क्लाऊडकडे वळेपर्यंत फुकट होती. तिथे सरावासाठी सुरू केलेलं एक गेटवे बंद करायचं राहून गेलं आणि महिन्याच्या शेवटी कार्डावर डॉलर पडले. सध्या त्याचं कार्ड बायकोच्या कपाटात आहे.

तेव्हा तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्याला परीक्षेची तारीख विचारू नका. ती तुम्हाला माहीत आहे. एवढंच करा. इंटरनेट जोडणारा माणूस जाताना एका चिठ्ठीवर यूजरनेम आणि पासवर्ड लिहून देतो. ती चिठ्ठी आजच शोधा आणि डाळींच्या डब्यांमागे ठेवा. राउटरच्या पाठीमागे रिसेटचं बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली की सगळे विभाग पुसले जातात. मग चिठ्ठीवरचं परत भरलं की मालिका दिसू लागते. हे तो कामावर गेल्यावर करायचं. संध्याकाळी विचारलंच तर लाइट गेली होती म्हणून सांगा. आमच्याकडे तरी ते खपतं.