घर पश्चिमेला, ऑफिस पूर्वेला

पुण्यात घर घेणारा माणूस काय काय बघतो! पाणी किती वेळ येतं, पार्किंग झाकलेलं आहे की उघडं, दार पूर्वेला आहे ना, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना. वास्तुवाला होकायंत्र घेऊन घरभर फिरतो. एवढं होकायंत्र हातात असताना ‘तुमचं ऑफिस कुठल्या दिशेला?’ हा साधा प्रश्न मात्र तो विचारत नाही.

घर कोथरूडला आणि ऑफिस हडपसरला असलं, की सकाळी निघताना सूर्य समोर आणि संध्याकाळी परततानाही समोरच. उलट हडपसरला राहून हिंजवडीत नोकरी करणाऱ्याच्या पाठीशी सूर्य दोन्ही वेळा उभा. ट्रॅफिक त्यालाही चुकत नाही, पण निदान तो त्याला दिसतो तरी.

द्रुतगती मार्गावरही हाच न्याय. पुणे आग्नेयेला, मुंबई वायव्येला. सकाळी मुंबई गाठून संध्याकाळी परतणारा पुणेकर ऊन पाठीवर घेऊन जातो आणि पाठीवर घेऊनच येतो. मुंबईकर मात्र डोळे बारीक करत येतो आणि डोळे बारीक करतच जातो. पुण्यात त्याचा चेहरा त्रासलेला दिसतो, त्याचं खापर उगाच आमच्या दुकानदारांवर फुटतं. खुद्द मुंबईतला हिशोब निराळा. बोरिवलीहून सकाळी दक्षिणेकडे निघालं की ऊन डावीकडून, संध्याकाळी उत्तरेकडे परततानाही डावीकडूनच. स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे चालवणारा सावलीत आणि शेजारी बसलेली व्यक्ती दोन्ही वेळा भाजून निघणार. तिकडच्या नवऱ्यांच्या हे लक्षात आलेलं नसावं. आलं असलं, तरी ते बोलत नाहीत.

मी कोथरूडकर असल्यामुळे माझा अभ्यास पौड रस्त्यावर झाला. हा रस्ता पौड फाट्यापासून वनाजपर्यंत बऱ्यापैकी सरळ पश्चिमेला जातो. डोक्यावर मेट्रोचा पूल आहे, दुपारी त्याची सावली मिळते. संध्याकाळी सूर्य पुलाखाली वाकून येतो. मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास तो अगदी नाकासमोर. सप्टेंबरच्या विषुवदिनालाही असतो, पण तेव्हा निदान ढग मध्यस्थी करतात. आणि काच! सकाळी फडकं मारून लखलखीत दिसलेली तीच काच त्या पाच-दहा मिनिटांत आपली सगळी कुंडली उघड करते. वायपरनं काढलेली अर्धवर्तुळं, सुकलेल्या थेंबांच्या कडा, आतून बसलेला तेलकट थर, मागच्या पावसाळ्यात कुणीतरी बोटानं लिहिलेलं नाव. सगळी काच दुधाळ होते आणि पुढची रिक्षा त्यात विरघळते. माझं स्पष्ट मत आहे, की समोरच्या उन्हाचा निम्मा त्रास सूर्याचा आणि निम्मा आतून न पुसलेल्या काचेचा. बाहेरून सगळे पुसतात. आतून पुसायला अंग दुमडावं लागतं.

यावर लोक उपाय करतातच. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा कपाळाला, जणू पुढच्या टेम्पोला सलामी देतोय. काही जण सन व्हायझर पाडून मान उंच करत खालच्या फटीतून रस्ता शोधतात. बुटक्या माणसाला ती झडप कुठेच पुरत नाही. ट्रकवाल्यांची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. काचेच्या वरच्या कडेला ‘आई एकवीरा प्रसन्न’ किंवा ‘आई तुळजाभवानी’ अशी रुंद पट्टी. भक्ती तर आहेच, शिवाय ऐन डोळ्यांवर येणारं ऊन आईच अडवते. पूर्वी गाडीच्या काचांना काळी फिल्म लावण्याची चाल होती. २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली. मुळातली काचच इतकी पारदर्शक हवी, की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जाईल. गाडीनं काळा चष्मा लावायचा नाही म्हटल्यावर तो चालवणाऱ्यानं लावणं ओघानं आलं.

इथे मराठी मध्यमवर्गाची अडचण सुरू होते. छत्री, टोपी, रुमाल, नाकाखालपर्यंत ओढलेला स्कार्फ, उन्हाविरुद्धची ही सगळी शस्त्रं आपल्याला मान्य आहेत. गॉगल मात्र कारण दिल्याशिवाय घालता येत नाही. एक तर डोळे आलेले असावेत किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असावं. दोन्ही नसेल तर तो शायनिंग मारतोय, हे ठरलेलंच. तमिळनाडूत करुणानिधींनी काळ्या चष्म्यातून राज्य चालवलं, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी एमजीआरही काळ्या चष्म्यातच वावरले. तिकडे कुणाला वावगं वाटलं नाही. आमच्या सोसायटीत मी गॉगल लावून गाडी बाहेर काढली, तर पहिल्याच वळणावर कुलकर्णी काकू थांबल्या. “अरे, कुठला डोळा केलास? आणि लगेच गाडी चालवतोस?” ऊन लागतं म्हणून घातलाय, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. आजारी माणसासाठी आणलेली सहानुभूती परत घेऊन जाणं कुणालाच आवडत नाही.

गॉगल घ्यायचा तर दुकानदाराच्या तावडीत सापडावं लागतं. आपण गडद काच मागतो, कारण पैसे वसूल व्हायला हवेत. सगळ्यात गडद प्रकारच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या काचेतून जेमतेम ३ ते ८ टक्के प्रकाश आत येतो. ती हिमशिखरांसाठी ठीक. गाडी चालवायला ती चालत नाही. बोगद्यात शिरल्यावर अमावास्याच. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा हा दुसरा मोह. तो काळा होतो अतिनील किरणांनी, आणि ते किरण गाडीची पुढची काचच अडवून धरते. त्यामुळे गाडीत तो शुभ्र राहतो, आणि उतरून ऑफिसच्या दारापर्यंत उन्हातून चालत गेलं की साहेबांसमोर आपण खलनायकासारखे काळ्या चष्म्यात उभे.

दुकानदार मग पोलराइज्डवर येतो. “सर, हे कार्ड बघा, काही दिसतंय?” काही दिसत नाही. गॉगल लावला की कार्डावर मासा उमटतो. या माशामागचा इतिहास खरं तर मावळतीच्या उन्हाचाच आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये माल्यूस नावाचा इंजिनिअर घराच्या खिडकीतून कॅल्साइटच्या स्फटिकातून समोर बघत होता. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर मावळता सूर्य चमकत होता. स्फटिकात एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. तो फिरवला तेव्हा त्यातली एक फिकी पडू लागली. काचेवरून किंवा डांबरावरून उसळून आलेला प्रकाश मुख्यत्वे आडवा डोलत येतो, आणि पोलराइज्ड काच फक्त उभ्याला वाट देते. म्हणून ओल्या रस्त्यावरची चकाकी मावळते, डॅशबोर्डवर टाकलेल्या पावतीचं काचेत दिसणारं भूत नाहीसं होतं. थेट डोळ्यांत येणाऱ्या सूर्यापुढे मात्र पोलराइज्ड आणि साधा गडद गॉगल सारखेच.

त्याच्या गमतीही आहेत. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसू लागते. ती काच कडक करताना आत राहिलेल्या ताणाची असते, पण नवं गिऱ्हाईक गॉगल बदलून मागायला येतं. पेट्रोल पंपावर पैसे द्यायला मोबाइल काढावा तर पडदा काळाठिक्कर. मग कोंबडीसारखी मान तिरकी केली की आकडे दिसतात. पंपावरचा मुलगा हे रोज बघत असावा. तो काही विचारत नाही, फक्त आपणही मान थोडी तिरकी करतो.

ही काच स्वस्तात बनवण्याची युक्ती काढली एडविन लँडनं. पोलरॉइड कॅमेरा पुढे त्याचाच. हार्वर्डचं शिक्षण सोडून या नादाला लागलेल्या त्या तरुणानं १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्या मनात ऊन नव्हतंच. त्याला रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटचा बंदोबस्त करायचा होता. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि काचेवर ही फिल्म एकाच बाजूला ४५ अंशांत कललेली बसवायची. मग स्वतःचा प्रकाश दिसतो आणि समोरच्याचा विझतो. कल्पना बिनतोड होती, अट एवढीच, की ती सगळ्या गाड्यांनी पाळायची. झालं! मोटार कंपन्यांनी काही ती उचलली नाही. ज्यांनी सोसायटीच्या सभेत सर्व सदनिकांना एकच रंग देण्याचा ठराव मांडून पाहिलाय, त्यांना लँडबद्दल विशेष जिव्हाळा वाटेल.

तेव्हा रात्रीचा प्रश्न आहे तिथेच आहे. माझ्या दुकानदाराकडे त्यावरही उपाय होता, पिवळ्या काचांचा चष्मा. “रात्री घाला, सर. समोरच्याचा अप्पर लागत नाही.” अंधार पडला होताच. मी तो चढवून दारात उभा राहिलो. समोरून डंपर आला. अप्पर होता तसाच होता, फक्त पिवळा दिसत होता.