एका भोकाची कैफियत

रविवारी दुपारी अडीच वाजता, म्हणजे वरणभात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड यांचा अंमल देहाच्या समस्त परगण्यांवर निर्वेधपणे प्रस्थापित झालेला असताना, ज्या सद्गृहस्थास आपल्या भिंतीत भोक पाडण्याची प्रेरणा होते, त्याच्या मनोव्यापाराचा उलगडा अद्याप कोणत्याही शास्त्रास झालेला नाही. ती भिंत सोमवारीही तेथेच असते, शनिवारी सायंकाळीही असते. परंतु घड्याळ टांगण्याचा मुहूर्त त्यास सापडतो तो रविवारचा, आणि रविवारातही वामकुक्षीचा.

मजकूर इसम हा स्वावलंबनाचा उपासक आहे. सुताराने एका भोकाचे पन्नास रुपये सांगितले, ही उघड लूट आहे असा निवाडा देऊन त्याने चार हजारांचे ड्रिल यंत्र, आजन्म लागणार नाहीत इतकी पाती, डोळ्यांवरचा चष्मा आणि हातमोजे असा सरंजाम खरेदी केला. पन्नास रुपये वाचले.

आता प्रत्यक्ष भोकाकडे वळू. ते ८ मिलीमीटरचे असावे, असा मूळ संकल्प. आतल्या भिंतीचा गिलावा जेमतेम १२ मिलीमीटर जाडीचा, म्हणून आरंभी यंत्र सुखाने आत शिरते आणि स्वावलंबनाचे तेज मुखावर झळकू लागते. परंतु घड्याळ सर्वांना दिसावे या सद्हेतूने निवडलेली जागा नेमकी काँक्रीटच्या तुळईवर आलेली असते, आणि पात्याचे टोक आतल्या सळईस भिडते. शहाणा मनुष्य येथे थांबतो. हा जोर लावतो. टोक बोथट झाले, की तो दोन बोटे खाली येतो. तेथे दोन विटांमधला सांधा लागतो, गिलाव्याचा पोपडा सुटतो, आणि संकल्पित ८ मिलीमीटरांत आता अंगठा सहज जाऊ शकतो. प्लास्टिकची गट्टी त्यात गरगर फिरते. ती आवळून बसावी म्हणून काड्यापेटीतील काड्या आणि वर्तमानपत्राचा बोळा (बहुधा याच सदराचा) आत ठासण्यात येतो, तरीही स्क्रू बाहेर येतोच. तेव्हा तिसरे भोक दिव्यांच्या बोर्डाच्या बरोबर वर घेण्याचे ठरते. बोर्डापासून तारांची नळी भिंतीतून सरळ वर जाते हे वायरमनच्या हाताखालच्या पोरासही ठाऊक असते, परंतु पोरास विचारणे हे स्वावलंबनात बसत नाही. एमसीबी पडते, पंखा थांबतो, आणि इमारतीस क्षणभर शांतता लाभते. पुढे तिन्ही भोके टूथपेस्टने बुजवली जातात, त्यामुळे दिवाणखान्यास पुदिन्याचा वास येतो. डाग झाकण्यासाठी मोठे घड्याळ आणले जाते. मोठे घड्याळ जड, म्हणून त्यास १० मिलीमीटरची गट्टी हवी. आणि १० मिलीमीटरच्या गट्टीस, वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, नवे भोक हवे.

नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकांच्या भिंती असतात. तेथे यंत्राची ठोक्याची कळ बंद ठेवून नुसते फिरते पाते पुरते, ठोका दिला तर ब्लॉकचा भुगा होतो. पण ठोक्याची कळ असलेले यंत्र मुद्दाम जास्त पैसे मोजून घेतल्यावर ती बंद ठेवणार कोण?

आता दाद कोठे मागावी ते पाहू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागास दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा असा खुलासाही आहे. बांधकामाची आवाजी यंत्रे रात्री चालवू नयेत असेही पुढे त्यात घातले गेले. दुपार मात्र या दस्तऐवजातून साफ गहाळ आहे. कायद्याच्या दृष्टीने सूर्य वर असताना कोणी निजतच नाही! ठोक्याच्या ड्रिलचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या घरात जातो, आणि मर्यादा पंचावन्न. परंतु मोजमाप घेण्यास रविवारी दुपारी कोणता अंमलदार येणार? तोही निजलेला असतो, आणि सुदैवाने त्याच्या इमारतीत. इकडे रात्रपाळी करून आलेली परिचारिका, नुकते झोपी गेलेले तान्हे मूल, औषधाच्या गुंगीतले आजोबा, यांनी कानांवर उशी घेऊन पडावे, कारण एका गृहस्थाचे पन्नास रुपये वाचत आहेत. मला विनोद सुचत नाही येथे. हा निव्वळ उद्दामपणा आहे, आणि त्यास छंद म्हणणे हा त्याहून मोठा उद्दामपणा.

शिवाय ज्या सुतारास लुटारू ठरवले, तो भिंतीपाशी येऊन प्रथम काय करतो? बोटाची पेरे भिंतीवर आपटून ऐकतो. येथे वीट आहे, येथे सांधा, येथे तुळई, हे त्यास त्या आवाजावरून कळते. मग ओळंबा सोडतो, पेन्सिलीने फुली मारतो, आणि एकच भोक पाडून, खालची धूळ कागदावर झेलून निघून जातो. पन्नास रुपये त्या ऐकण्याचे असतात. यंत्राच्या खोक्यात चष्मा मिळतो, हातमोजे मिळतात, हे कान मिळत नाहीत.

तेव्हा नियमांत पुढील कलम दाखल व्हावे, असा माझा नम्र अर्ज आहे: दुपारी एक ते चार हा काळ या नियमांच्या प्रयोजनार्थ रात्र समजण्यात येईल. पोटकलम: या काळात भोक पाडणाऱ्या इसमाने ते स्वखर्चाने बुजवून घ्यावे, त्याकामी गवंडी बोलवावा, आणि गवंडी जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता तत्काळ अदा करावी.