मिरजेला पेशंट बघायला कसे जावे?

सातारा-सांगलीकडं आजार दोनच. गावातल्या डॉक्टरच्या सुईनं उतरतो तो पहिला, आणि ‘मिरजेला हलवलाय’ हा दुसरा. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं. तेव्हापासून मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली आणि पेशंट बघायला जाणं हे आपलं कर्तव्य. या कामात नवख्या असलेल्यांसाठी एका मुरलेल्या पाहुण्याच्या सूचना :

१. वडाप भरा. एकट्यानं गेलात तर भावकीत फूट पडली असं लोक धरून चालतात. दहाच्या जीपमध्ये सोळा बसवा. नातू दोन दिवस खोकतोय? मग त्याला आधी घ्या. आजोबांना तेवढंच बरं वाटतं.

२. बाटलीला वळसा घाला. वॉर्डच्या दारात हात चोळायचं औषध टांगलेलं असतं. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं असं वीस ते तीस सेकंद चोळायचं म्हणे. साबणपाणी असेल तर चाळीस ते साठ. एवढ्या वेळात निम्मी चौकशी उरकते. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बाळंतिणींच्या वॉर्डात जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं खाली आले. तरी त्याच्याच बिरादरीतल्या कित्येकांनी ते मानलं नाही. एवढे शिकलेले अडून बसले, तर आपण पहिल्या दिवशीच ऐकायचं म्हणजे जरा अतीच होतं.

३. अंगारा लावा. ज्या बोटांनी वडापची दांडी धरली, दहाची नोट मोजली, रसाचा ग्लास उचलला, त्याच बोटांनी. मग सलाईनचा हात मायेनं हातात घ्या आणि सुईवरची चिकटपट्टी दाबून बघा. पालीच्या खंडोबाचा भंडारा आणला असेल तर चिमूटभर टाक्यांवरही सोडा. सिस्टर ओरडली तर सांगा, ‘‘बाई, राजापुरी हळद हाय, सांगलीची.’’

४. कॉटवरच बसा. स्टूल परक्यांसाठी असतं. लघवीची पिशवी कॉटच्या खाली, पण फरशीला न टेकता अडकवलेली दिसेल. बसायला अडचण होत असेल तर ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवा. पिशवीतलं नळीतून उलटं आत गेलं की जंतूंना चढ चढावा लागत नाही.

५. बादल्यांचे रंग बघा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी रक्ताचा कापूस नि पट्ट्या पिवळीत, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्यात जाते. तुम्ही मोसंबीची सालं पिवळीत टाका. रंग जुळतो.

६. शेजारची कॉट सोडू नका. ही कला खरी इथं कळते. आपल्या पेशंटचा हात सोडायचा आणि तडक शेजारच्याचा धरायचा. ‘‘गाव कंचं?’’ विचारलं की कुठंतरी सोयरीक निघतेच. मग त्यालाही अंगारा, आणि पुन्हा आपल्याकडं. एका कॉटवरचा जंतू दुसऱ्या कॉटवर स्वतःच्या पायांनी जात नाही. त्याला आपल्यासारखं कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं.

७. शेवटी दवाखान्याला नावं ठेवा. आमचे काका पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एका दवाखान्यात होते. तीन दिवसांत सुट्टी होती, अकरा दिवस लागले. टाक्यांत पू झाला. आम्ही रोज जात होतो, दोन-दोन गाड्या करून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आपल्यासारख्या देशांत दवाखान्यात दाखल झालेल्या दर शंभरांतल्या पंधरा जणांना तिथंच नवा संसर्ग जडतो. दोष दवाखान्यांचाही असतो, नाही असं नाही. पण ‘पू झाला कसा?’ असं आम्ही डॉक्टरला दरडावून विचारत होतो, तेव्हा माझा हात काकांच्या पट्टीवर होता. सिस्टर त्या हाताकडं बघत होती. बोलली काहीच नाही.

हे सगळं आपल्याला कळत नाही असंही नाही. २०२० मध्ये गावोगाव वेशीवर ओंडके आडवे टाकून आपणच सख्ख्या पाहुण्यांना परत धाडत होतो. पण साथ ओसरली नि ओंडके चुलीत गेले.

गेल्या वर्षी काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. या वेळी एकट्या काकू राहिल्या. त्यांनी दारात हात चोळले आणि आम्हाला फोनवर बजावलं, ‘‘कुणी येऊ नगा. पैसं तेवढं पाठवा.’’ या घरात माणुसकी उरली नाही, असा गावभर बोभाटा झाला. चौथ्या दिवशी काका पारावर बसून तो स्वतःच्या कानांनी ऐकत होते.