रिफ्रेश मारून झालं असेल तर

पायरी पहिली. संगणक सुरू करा आणि डेस्कटॉप दिसला की माऊसचं उजवं बटण दाबून ‘रिफ्रेश’ मारा. एकदा मारून भागत नाही. देवळात शिरताना हात आपसूक घंटेकडे जातो, तसं पाच-सात वेळा झालं पाहिजे. पडद्यावरची चित्रं लुकलुकतात, मनाला बरं वाटतं. वेगाशी याचा काडीचाही संबंध नाही, चित्रं फक्त पुन्हा काढली जातात. पण एमएस-सीआयटीच्या वर्गात आमच्या अख्ख्या पिढीवर हा संस्कार झालाय, तो टाळून पुढे जाता येत नाही.

पायरी दुसरी जरा वरच्या इयत्तेची. ही बहुतेक घरात भाचा करतो. ‘रन’ उघडायचं, ‘टेम्प’ आणि ‘प्रीफेच’ ही दोन फोल्डरं उघडायची, सगळं निवडून उडवायचं. टेम्पमधला कचरा खुशाल काढा, जागा मोकळी होते. प्रीफेचला मात्र हात लावू नका. कुठला प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं विंडोजने तिथे करून ठेवलेली असतात. किराणा आणायला निघालेल्या माणसाच्या हातातली यादी फाडायची आणि ‘आता हलका झालास, पळ’ म्हणायचं, असा तो प्रकार आहे.

पायरी तिसरी: दुकानात नेणे. मी नगरच्या सावेडीहून स्कूटरवर, पायांच्या मध्ये कॅबिनेट धरून नेला होता. काउंटरमागच्या पोराने झाकणही न उघडता सांगितलं, “काका, मदरबोर्ड गेलाय. नवा घ्या, ह्याचे हजार धरू.” मदरबोर्ड गेलेला संगणक सकाळी आमच्या घरी भूपाळी लावत होता. तसाच परत आणला.

पायऱ्या इथे संपल्या. आता कामाचं बोलू.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. संगणक रडायला लागला की यातला कुठला आकडा नव्वदीच्या वर जाऊन बसतो, एवढंच बघायचं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे खरं तर शिकवावं लागू नये. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ आपल्याकडे प्रवरानगरला रोवली गेली. ऊस फडात उभा आहे, कारखाना चालू आहे आणि तरी साखर पडत नाही, तर शहाणा माणूस मिलला शिव्या देत नाही, गाड्या कुठे तुंबल्यात ते बघायला जातो. माझ्याकडे सीपीयू सहा टक्के आणि डिस्क शंभर टक्के होती. कारखान्याच्या भाषेत ‘नो केन’. मिल रिकामी फिरतेय आणि बैलगाडी अजून वाटेतच. अशा वेळी नवी मिल विकायला बसलेला माणूस भेटला की स्कूटर वळवावी.

त्याच खिडकीत ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे. संगणक सुरू झाल्याबरोबर न बोलावता कोण कोण येऊन बसतं, त्यांची ही यादी. माझ्याकडे चौदा जण निघाले. त्यात २०१६ मध्ये भंगारात घातलेल्या प्रिंटरचा कारभारी होता, आणि दोन अँटीव्हायरस, जे दिवसभर एकमेकांचीच झडती घेत होते. एक पुरतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या कामाला पुष्कळ आहे. बाकीच्यांवर उजवं बटण दाबून ‘डिसेबल’ करा. हे येतात कुठून, तर फुकटचं काही उतरवताना आपण न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ म्हणतो तिथून. शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत, २०११ मध्ये तिथे युको बँकेने बिनकुलपाची शाखासुद्धा काढली, पण ते शनिदेवाच्या भरवशावर. आपल्या सी ड्राइव्हवर तशी कोणाची नजर नाही.

आणि एक. रोज रात्री ‘शट डाऊन’ केलं म्हणजे संगणक पुरता झोपला असं समजू नका. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर आतला गाभा तसाच डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो, कालच्या कटकटींसकट. सगळं नव्याने हवं असेल तर ‘रीस्टार्ट’.

फुकटातलं झालं. आता झाकण.

वायर काढा. काढल्यावरही चालू करायचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा, म्हणजे आत राहिलेली वीज उतरते. वायर जिथे खोचतो तो पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही खोलू नका. मी पहिल्यांदा झाकण काढलं ते बारा वर्षांनी. वर नगरच्या उन्हाळ्याची मऊ तांबूस धूळ, ती अपेक्षितच होती. खाली, तळाशी, अक्षता. मोजल्या नाहीत, पण मूठभर निघाल्या असत्या. पंख्याच्या पात्यात झेंडूची वाळून कागद झालेली पाकळी आणि प्रोसेसरवरच्या जाळीत कुंकू. दर दसऱ्याला आम्ही याची मनोभावे पूजा करत होतो आणि हा वरच्या जाळीतून नैवेद्य गिळत होता. धुळीने जाळी बुजली की प्रोसेसर तापतो आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. रंगाचा कोरा ब्रश घ्या आणि झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा. पंधरा मिनिटांचं काम, खर्च ब्रशचा.

मेमरीचा रकाना भरलेला असेल तर दुखणं रॅमचं. इथे हिवरे बाजारची वही उघडावी. तिथे पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: किती पाऊस झाला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कुठली पिकं निघतील. ऊस त्या हिशोबात बसत नाही म्हणून घेतच नाहीत. चार जीबी रॅमच्या संगणकात विंडोजचं पिण्याचं पाणी निघालं की निम्मी विहीर संपते. त्यावर आपण क्रोममध्ये वीस टॅब उघडतो, म्हणजे उसाची लागण करतो. मग संगणक टँकर मागवतो. रॅममध्ये न मावलेला माल तो डिस्कवर नेऊन ठेवतो, लागेल तसा परत आणतो, आणि हा टँकर त्याच तुंबलेल्या रस्त्याने येतो. टॅब कमी करणं हा पहिला उपाय, चारची आठ जीबी करणं हा दुसरा. रॅमची पट्टी घेताना जुनी काढून सोबत न्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

माझी फजितीही ऐकून ठेवा. मी हौसेने आठ जीबी बसवली. संगणकाने माहितीत लिहिलं, बसवलेली मेमरी आठ, वापरण्याजोगी सव्वातीन. विंडोज बत्तीस बिटची होती आणि तिला चारच्या पुढचं दिसतच नाही. जमीन आठ एकर, ओलिताखाली सव्वातीन. चौसष्ट बिटची विंडोज नव्याने टाकली तेव्हा उरलेल्या रानाला पाणी मिळालं.

पण एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर रॅम नको, एसएसडी घ्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा. म्हणजे सेकंदाला नव्वद फेऱ्या. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण हवी ती फाईल सुईखाली येईपर्यंत थांबावं लागतं आणि विंडोज उघडताना अशा हजारो फायली लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिला एक वस्तू शोधायला लागणारा वेळ शंभरेक पटींनी कमी. घरच्या वापराला २४० किंवा २५६ जीबीची पुरते. जुन्या डेस्कटॉपला साटा जोडणीची घ्यायची, लॅपटॉपला अडीच इंचाची, जुन्या डिस्कच्याच जागी बसते. आधी लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर काढून ठेवा, मगच स्क्रू ड्रायव्हर. भाव सांगत नाही, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरच्या मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे २०२५ च्या अखेरीपासून, रॅम आणि एसएसडी दोन्ही कांद्यासारखे चढलेत. तरी नव्या संगणकाच्या मानाने स्वस्तच. एसएसडी बसल्यावर भाच्याला ‘डीफ्रॅग’ करू देऊ नका. ते तबकडीचं औषध आहे, इथे नुसती झीज.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ नंबरची विंडोज आमच्या म्हाताऱ्याला दारातच अडवते, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून. मी लिनक्स मिंट टाकली. फुकट आहे, चार जीबीतही चालते. विंडोजवरच चालणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल त्यांनी मात्र आधी विचार करावा.

दसऱ्याला संगणक पुन्हा टेबलावर मांडला. हिने कुंकवाचं बोट बुडवलं, मग थांबली. आतून कालचा पेपर आणला, जाळीवर घडी करून ठेवला आणि मला म्हणाली, “धरा हे, नीट.” मी दोन्ही हातांनी पेपर धरून उभा राहिलो. अक्षता पेपरवर पडल्या.