गाम्ब्रोस

ग्रीक भाषेत नवरदेव आणि जावई, दोघांनाही शब्द एकच: गाम्ब्रोस. मुलीशी लग्न केलं की अख्ख्या घराशी लागलंच म्हणून समजा. पण स्वारी ॲमस्टरडॅमहून आलेली असली, तर ही पदवी लगेच मिळत नाही. तोवर तो नुसता क्सेनोस. म्हणजे परका. जुन्या ग्रीकमध्ये याच शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होता, म्हणून निदान जेवायला मिळतं.

नको तितकं मिळतं. हा गृहस्थ सव्वासहा फूट उंच, मोबाइलवर भाषेचे बारा धडे गिरवून, इस्त्रीचा सदरा घालून ऐन ईस्टरला पेलोपोनीसमधल्या गावी हजर होतो. घरात माणसं सत्तावीस. त्यांतल्या पाच जणांचं नाव योर्गोस, कारण नातवंडांना आजोबांचं नाव द्यायची रीत, आणि आजोबांना मुलं चिक्कार. शनिवारी मध्यरात्री चर्चमधून पेटती मेणबत्ती घरी आणतात आणि तिच्या काजळीनं दाराच्या चौकटीवर क्रॉस काढतात. एरवी त्यासाठी स्टूल लागतं. यंदा लागलं नाही. स्वारीची कुणी दखल घेतली ती हीच पहिली.

मग मायिरित्सा. चाळीस दिवसांवरचा उपास या सुपानं सोडायचा: कोकराची आतडी, काळीज, शेपू, वरून अंडं-लिंबू. आत काय आहे हे तो तिसऱ्या वाडग्यानंतर विचारतो, हे बरंच. याया, म्हणजे आजी, चौथ्यांदा पळी उचलते. तो कळवळून म्हणतो, "नेऽ!" डचमध्ये याचा अर्थ नको. ग्रीकमध्ये, हो. पहिल्याच धड्यात होतं हे, पण पोट तुडुंब भरलं की माणूस मातृभाषेवर येतो. पळी रिकामी होते. आता शब्दांवर भरवसा उरलेला नसतो, म्हणून तो पाची बोटं पसरून तळहात यायाच्या तोंडासमोर धरतो.

सत्तावीस चमचे थांबतात. आपल्याकडे असा हात फोटोतले देव आणि निवडणुकीतले उमेदवार दाखवतात. ग्रीसमध्ये ती चक्क शिवी आहे. मुलगी डोकं धरते. याया आधी हाताकडे बघते, मग त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे, आणि पदर नसल्यामुळे ॲप्रनमध्ये तोंड खुपसून खदखदा हसते. पाचवा वाडगा.

आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला चांदीच्या ताटात अनारसे देतात. इथे रविवारी सकाळी सहाला सुळावरचं अख्खं कोकरू फिरवायला देतात. चारेक तास. एक काका सांगतो, हळू. दुसरा, भरभर. तिसरा काही न बोलता मीठ लावतो आणि हा चुकीचा उभा आहे असं खांद्यांनी सुचवतो. सदऱ्याची इस्त्री केव्हाच गेलेली. मुलीचा बाप दोन दिवसांत त्याच्याशी चकार शब्द बोललेला नाही. खुर्ची टाकून धुराकडे बघत बसलाय.

कुंपणापलीकडून शेजारीण विचारते, "तो लांबडा कोण हो?"

"गाम्ब्रोस," बाप म्हणतो. "मागची बाजू करपवतोय मेला."